रबाळ्याच्या कारखान्यातून माल आणताना गाडीत कोणते कागद हवेत?



वाशीच्या बाजार समितीत रात्री टोमॅटो, काकडी, कोबी उतरला, की पहाटे टेम्पो रिकामा होतो. रिकामी गाडी गावाकडे आणायची म्हणजे डिझेल फुकट. म्हणून आपले पुष्कळ बागायतदार परतीच्या खेपेला काही ना काही भरून आणतात. कुणी प्लॅस्टिकचे क्रेट आणतो, कुणी पाईप, कुणी शेडनेट, कुणी पॅकिंगचे बॉक्स. बाजारापासून ठाणे-बेलापूर रस्त्याने थोडं पुढं गेलं की महापे, घणसोली, रबाळे अशी एम.आय.डी.सी.ची वसाहत लागते. दुकानातून घेण्यापेक्षा थेट कारखान्यातून घेतलं तर दर बरा पडतो, हा हिशेब चुकीचा नाही. पण कारखान्याच्या फाटकातून माल बाहेर पडला, की त्याच्यासोबत कागद लागतात. ते नसले किंवा अर्धवट असले, तर क्रेटमागे वाचवलेले दहा रुपये रस्त्यात कुठल्या कुठे जातात.

या विषयावर श्रोते पुष्कळ विचारतात. रेडिओवर बोलताना आकडे भराभर निघून जातात, लिहून घ्यायला वेळ मिळत नाही. म्हणून या पत्रकात ते जरा सविस्तर देत आहोत. घरात कुणी शिकलेली मुलगी किंवा मुलगा असेल तर त्याच्याकडून एकदा मोठ्यानं वाचून घ्या, आणि गाडीवर जो ड्रायव्हर असतो त्यालाही ऐकवा. खरं तर त्यालाच आधी ऐकवा.

पूर्वीची रीत आणि आताची

आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना जकात नाका चांगला आठवत असेल. मुंबईत माल न्यायचा तर ऐरोली, मानखुर्द, मुलुंड, दहिसर इथं गाड्यांच्या रांगा लागायच्या. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी बंद झाली, कारण त्या दिवसापासून देशभर वस्तू व सेवा कर, म्हणजे जी.एस.टी., सुरू झाला. नाके उठले म्हणून तपासणी उठली असं मात्र समजू नका. नाक्यावर उभ्या माणसाऐवजी आता संगणकावर नोंद असते, आणि कर खात्याची फिरती पथकं रस्त्यात कुठंही गाडी थांबवून ती नोंद ताडून पाहू शकतात. या नोंदीलाच ई-वे बिल म्हणतात. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मालाला ते १ एप्रिल २०१८ पासून लागू झालं आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात फिरणाऱ्या मालाला २५ मे २०१८ पासून.

आपल्या शेतमालाचं काय?

हा प्रश्न आधी मिटवू, म्हणजे मन मोकळं होईल. स्वतःच्या शेतात पिकवलेला ताजा भाजीपाला, ताजी फळं, दूध हे करमुक्त आहेत. ते बाजारात नेताना ई-वे बिल लागत नाही, मग गाडीत लाखाचा माल असो की तीन लाखांचा. शेतकऱ्याला आपल्या जमिनीतल्या उत्पन्नाच्या विक्रीसाठी जी.एस.टी. नोंदणीही घ्यावी लागत नाही. बैलगाडीतून किंवा इंजिन नसलेल्या कोणत्याही वाहनातून नेलेल्या मालालासुद्धा ई-वे बिलाची अट नाही, ती सवलत आजही कायद्यात आहे.

कापूस आणि न सोललेली काजू बी यांची गोष्ट थोडी वेगळी. यांच्यावर कर आहे, पण शेतकऱ्याकडून माल घेणारा जो नोंदणीकृत व्यापारी किंवा कारखानदार असतो, तो कर त्यानं भरायचा असतो. गाडी निघतानाच माल कुणाला जाणार हे ठरलेलं असेल, तर ई-वे बिलाची जबाबदारीही त्या घेणाऱ्याचीच. तेव्हा कापूस जिनिंगला पाठवताना 'ई-वे बिल तुम्ही काढा' असं जिनवाल्यानं म्हटलं, तर त्याला हे शांतपणे सांगा.

धान्य, डाळी, गूळ सुटे असतील तोवर करमुक्त. तेच २५ किलोपर्यंतच्या छापील लेबल लावलेल्या बंद पाकिटात भरले, तर १८ जुलै २०२२ पासून त्यावर ५ टक्के कर आहे. बचत गटाच्या आणि शेतकरी कंपनीच्या मंडळींनी हे ध्यानात घ्यावं. पाकीट बंद करून लेबल लावलं, की माल करपात्र झाला आणि कागदाची बाजू बदलली.

आता कारखान्यातला माल

समजा, जुन्नर तालुक्यातला एक शेतकरी गट आहे. टोमॅटोचा हंगाम तोंडावर आला आहे, नारायणगावच्या बाजारात माल न्यायला क्रेट हवेत. गटानं रबाळ्याच्या एका प्लॅस्टिक कारखान्यात ६०० क्रेट सांगितले, दर १५० रुपये. मालाची किंमत झाली ९०,००० रुपये. क्रेटवर जी.एस.टी. १८ टक्के. विकणारा आणि घेणारा दोघेही महाराष्ट्रातले, म्हणून तो कर दोन भागांत दिसेल: केंद्राचा ९ टक्के म्हणजे ८,१०० आणि राज्याचा ९ टक्के म्हणजे ८,१००. एकूण बिल १,०६,२०० रुपये.

इथंच पहिली मेख आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल हलवायचा असेल, तर १ जुलै २०१८ पासून एक लाख रुपयांपर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही. आपल्या गटाचा हिशेबनीस म्हणेल, 'माल तर नव्वद हजाराचा आहे, मग कशाला?' पण ही लाखाची मर्यादा करासकट मोजायची असते. कर धरला की रक्कम लाखाच्या वर गेली, म्हणजे ई-वे बिल पाहिजेच.

तेच क्रेट निपाणीच्या किंवा बेळगावच्या बांधवांनी मागवले, तर माल राज्याची हद्द ओलांडतो. तिथं मर्यादा ५०,००० रुपयांची आहे. ४०० क्रेट घेतले तरी ६०,००० अधिक १०,८०० कर मिळून ७०,८०० होतात. जुन्नरला जाणाऱ्या एवढ्याच मालाला ई-वे बिल लागणार नाही, निपाणीला जाणाऱ्याला लागेल. शिवाय राज्याबाहेरच्या बिलात केंद्र आणि राज्य असे दोन भाग दिसणार नाहीत, एकच आय.जी.एस.टी. १८ टक्के दिसेल. सीमेवरच्या गावांत घर एका राज्यात आणि रान दुसऱ्या राज्यात अशी तऱ्हा असते. तिथं माल नेमका कुठं उतरणार, तोच पत्ता द्यावा.

'मग तीनशे-तीनशेची दोन बिलं करा की,' असं सुचवणारे गावात भेटतातच. एकच सौदा, एकच गाडी, एकच दिवस, एकाच घेणाऱ्याच्या नावावर लागोपाठच्या नंबरची दोन बिलं, हे तपासणाऱ्या माणसाच्या पहिल्या नजरेत येतं. ई-वे बिल काढायला सरकारी फी काहीच नाही. ते टाळण्यासाठी अशी कसरत करण्यात मला तरी काही शहाणपण दिसत नाही.

पहिला कागद : पक्कं बिल

ई-वे बिलाची चर्चा फार होते आणि मूळ बिलाकडे दुर्लक्ष होतं. वास्तविक माल दहा हजाराचा असला तरी बिल गाडीत पाहिजे. कारखानदार ते तीन प्रतींत करतो. पहिली मूळ प्रत घेणाऱ्याची, म्हणजे तुमची. दुसरी माल वाहून नेणाऱ्याची, आणि तिसरी कारखान्याच्या दप्तरी राहते. पुष्कळदा होतं काय, की ड्रायव्हरच्या हातात एकच प्रत देतात, तो ती डॅशबोर्डवर टाकतो, आणि गावात पोचेपर्यंत तिच्यावर चहा सांडलेला असतो. दोन प्रती मागून घ्या आणि मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा.

बिल हातात आलं की घाई न करता पाच मिनिटं थांबून ते वाचा. त्यावर कारखान्याचं नाव, पत्ता आणि पंधरा अक्षर-अंकांचा जी.एस.टी. नंबर असतो. या नंबराचे पहिले दोन अंक राज्याचे. महाराष्ट्राचे २७, गुजरातचे २४, कर्नाटकाचे २९, गोव्याचे ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या मालकाचा पॅन. रबाळ्यातून माल निघतोय आणि बिलावरचा नंबर २४ ने सुरू होतोय, तर विचारायला हवं की हे कसं. हा नंबर खरा की खोटा, चालू की रद्द झालेला, हे जी.एस.टी.च्या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही विनामूल्य पाहता येतं. नोंदणी रद्द झालेल्याकडून कराची रक्कम देऊन माल घेतला, तर तो कर सरकारात पोचेल याचा भरवसा नाही.

मग मालाचं वर्णन, एच.एस.एन. नावाचा संकेतांक, नगसंख्या, दर, कराचा दर आणि रक्कम पाहा. घेणाऱ्याचं नाव नीट आहे ना? शेतकरी नोंदणीकृत नसला, तरी ५०,००० किंवा त्याहून अधिक किमतीच्या करपात्र मालाच्या बिलावर त्याचं नाव, पत्ता, माल उतरण्याचं ठिकाण आणि राज्याचं नाव लिहावंच लागतं. नुसतं 'रोख विक्री' लिहिलेलं बिल घेऊन येऊ नका. रोखीवरून आठवलं, एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेता येत नाही असा आयकराचा नियम आहे. मोठ्या खरेदीचे पैसे बँकेतूनच द्या.

'आम्हाला काही कर परत मिळत नाही, मग पक्क्या बिलाचं आम्ही काय करायचं?' असा एक सूर असतो. खरं आहे, नोंदणी नसलेल्या शेतकऱ्याला भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. नोंदणीकृत शेतकरी कंपनी असली, पण ती फक्त ताजा करमुक्त माल विकत असली, तरी त्या मालासाठी घेतलेल्या क्रेटवरच्या कराची वजावट तिलाही मिळत नाही. पण बिलाचं काम तेवढंच नाही. अनुदानाच्या प्रस्तावाला पक्कं बिल जोडावं लागतं. यंत्र महिनाभरात मोडलं तर वॉरंटी त्याच कागदावर. चोरी झाली, विमा मागायचा झाला, तरी तोच कागद. आणि रस्त्यात गाडी थांबली तर 'हा माल माझा आहे' हे सांगणारा दुसरा पुरावा आपल्यापाशी नसतो.

कराचे दर बदलत असतात हेही ध्यानात असू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर, ठिबक आणि तुषार सिंचनाचे संच यांच्यावरचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरचे टायर १८ वरून ५ वर आले. जुन्या कोटेशनवर जुनाच दर लावलेला असेल तर बिल बनण्याआधी दुरुस्त करून घ्या. क्रेट मात्र १८ टक्क्यांतच आहेत.

मोठ्या कारखान्यांच्या बिलावर काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन दिसतो, त्याला क्यू.आर. म्हणतात. ज्यांची वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर आहे, त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून नोंदणीकृत घेणाऱ्यासाठीचं बिल सरकारी प्रणालीवर नोंदवूनच द्यावं लागतं. शेतकरी कंपनी नोंदणीकृत असेल तर तिनं तो चौकोन पाहून घ्यावा. सामान्य शेतकऱ्याच्या बिलावर तो नसला तर घाबरायचं कारण नाही.

दुसरा कागद : ई-वे बिल

याचे दोन भाग असतात. भाग 'अ' मध्ये देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा जी.एस.टी. नंबर, माल उतरण्याच्या ठिकाणाचा पिनकोड, बिलाचा नंबर व तारीख, मालाची किंमत, एच.एस.एन. आणि माल का हलवला जातोय याचं कारण. घेणारा नोंदणीकृत नसेल तर नंबराच्या जागी 'यू.आर.पी.' ही तीन अक्षरं लिहितात, त्याचा अर्थ नोंदणी नसलेला माणूस. भाग 'ब' मध्ये गाडीचा नंबर. दोन्ही भाग भरले की बारा अंकी नंबर मिळतो. ड्रायव्हरजवळ याची छापील प्रत असावी किंवा निदान हा नंबर तरी असावा.

हे काढायचं कुणी? देणारा, घेणारा किंवा वाहतूकदार यांपैकी कुणीही काढू शकतो. पण आपल्यासारख्यांसाठी सोपी वाट एकच. गाडी आपली असो वा भाड्याची, कारखान्याच्या ऑफिसातूनच ते काढून घ्यावं आणि कागद हातात पडल्याखेरीज फाटकाबाहेर गाडी काढू नये. 'तुम्ही निघा, मी व्हॉट्सॲपवर पाठवतो' या बोलण्यावर विसंबून पुष्कळ गाड्या अडकतात. कल्याण फाट्यापर्यंत पोचलात आणि पथक भेटलं, तर मागाहून काढलेलं बिल ही मोठी अडचण ठरते, कारण ते किती वाजता निघालं ती वेळ त्यावर छापलेली असते.

गाडीचा नंबर स्वतः वाचून ताडून पाहा. बाजाराच्या गर्दीत ठरलेली गाडी येत नाही, दुसरीच येते, आणि बिल जुन्या गाडीच्या नावावर राहतं. गाडी बदलली तर भाग 'ब' मध्ये नवा नंबर टाकायला हवा. वाटेत टेम्पो बंद पडून माल दुसऱ्या गाडीत घेतला, तरी तसंच करायचं. पुन्हा नवं बिल काढावं लागत नाही, नुसता गाडीचा नंबर बदलतो, पण माल पुढं हलण्याआधी.

माल आधी भिवंडीच्या किंवा कळंबोलीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात टाकायचा असेल तर एक सवलत आहे. राज्याच्या आतच कारखान्यापासून वाहतूकदाराच्या जागेपर्यंतचं अंतर ५० किलोमीटरच्या आत असलं, तर त्या टप्प्याला भाग 'ब' भरला नाही तरी चालतो. रबाळ्यापासून ही दोन्ही ठिकाणं त्या अंतरात बसतात. भाग 'अ' मात्र तेव्हाही पाहिजे. ट्रान्सपोर्टवाला पुढची गाडी लावताना भाग 'ब' भरतो आणि आपल्याला बिल्टी देतो. ती बिल्टी जपून ठेवा, गावच्या जवळच्या गोदामातून माल सोडवताना तीच दाखवावी लागते.

मुदत आणि घाट

ई-वे बिलाला मुदत असते. १ जानेवारी २०२१ पासून प्रत्येक २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस असं गणित आहे. दिवस मोजायची तऱ्हा आपल्या सोयीची आहे. सोमवारी सकाळी ११ वाजता भाग 'ब' भरला, तर पहिला दिवस मंगळवारी मध्यरात्री संपतो. रबाळ्याहून मुरबाड, माळशेजमार्गे जुन्नरकडे यायला अंतर २०० च्या आतच, म्हणजे एक दिवस मिळतो आणि एरवी तो पुरून उरतो.

पण पावसाळ्यात माळशेज घाटात दरड आली की रस्ता बंद होतो, गाडी टोकावड्याला उभी राहते किंवा पुण्याकडून फिरवून आणावी लागते. मुदत संपत आली असेल तर ती वाढवून घेता येते. संपण्यापूर्वीचे ८ तास आणि संपल्यानंतरचे ८ तास, एवढ्या वेळातच ही वाढ मिळते. दरड, अपघात, बंद, गाडी बदलणं अशी कारणं त्यात चालतात. ही वाढ त्या वेळी माल ज्याच्या ताब्यात आहे तो वाहतूकदार करतो. आपलीच गाडी असेल तर लगेच कारखान्याला फोन करा आणि गाडी कुठं उभी आहे ते ठिकाण व पिनकोड सांगा. रात्री ड्रायव्हर झोपला आणि सकाळी जाग आली तेव्हा आठ तास उलटून गेले होते, असं होऊ नये.

या मुदतीवरून एक खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, तो सांगण्याजोगा आहे. जानेवारी २०२० मध्ये हैदराबादेत सत्यम शिवम पेपर्स या कंपनीचा कागदाचा माल ऑटो ट्रॉलीतून चालला होता. आंदोलनामुळं रस्ते अडले, मधे रविवार आला, आणि ई-वे बिलाची मुदत संपली. अधिकाऱ्यानं माल अडकवला आणि कर व दंड मिळून ६९,००० रुपये वसूल केले. तेलंगणा उच्च न्यायालयानं सांगितलं, की नुसती मुदत संपली म्हणजे कर बुडवायचा हेतू होता असं धरता येत नाही. पैसे परत करायला लावले आणि वर १०,००० रुपये खर्च द्यायला लावला. खातं सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथं १२ जानेवारी २०२२ रोजी अपील फेटाळलं गेलं आणि खर्चाच्या रकमेत आणखी ५९,००० ची भर पडली. म्हणजे न्याय मिळाला, पण दोन वर्षं गेली. आपल्याला क्रेट या हंगामात हवे असतात.

जुने क्रेट, नवे क्रेट

आता एक बारीक गोष्ट, जी कुठल्या पुस्तकात नसते. बाजारात माल उतरल्यावर आपले जुने रिकामे क्रेट त्याच टेम्पोत परत येत असतात. वर रबाळ्यातले नवे ६०० चढवले. रस्त्यात मोजणी झाली आणि बिलावर ६००, गाडीत ७४०, तर प्रश्न उभा राहतो. जास्तीचे १४० कुठले? जुने क्रेट कडेला वेगळे रचा, नव्यांत मिसळू नका. अडत्याच्या गाळ्यावरची त्या दिवसाची हिशेबपट्टी खिशात असू द्या, तिच्यावर क्रेटची संख्या लिहून घेतलीत तर फारच चांगलं. गटाच्या नावानं साध्या कागदावर 'आमचे वापरलेले रिकामे क्रेट, नग १४०, वाशीहून गावी परत' असं लिहून सही-शिक्का केलेली चिठ्ठीही उपयोगी पडते.

विक्री नसताना माल हलला तर

प्रत्येक वेळी माल विकलेलाच असतो असं नाही. शेतकरी कंपनीनं आपली हळद दळून पाकिटं भरून घ्यायला कारखान्यात पाठवली, मालकी आपलीच राहिली, तर बिल बनत नाही. तिथं डिलिव्हरी चलन लागतं. तेही तीन प्रतींत: मूळ प्रत घेणाऱ्याची, दुसरी वाहतूकदाराची, तिसरी पाठवणाऱ्याची. रक्कम मर्यादेच्या वर गेली तर चलनावरसुद्धा ई-वे बिल लागतं, आणि नोंदणीकृत कंपनीनं असा माल दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यात प्रक्रियेला पाठवला तर रक्कम कितीही असो, लागतंच. प्रक्रियेला पाठवलेला कच्चा माल एक वर्षाच्या आत परत यायला हवा. नाही आला, तर तो ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून कर मागतात. यंत्रसामग्रीला ही मुदत तीन वर्षांची आहे. चलनांची फाईल वेगळी ठेवा.

दुसरा प्रकार आपल्याकडं पाईप आणि ठिबकच्या बाबतीत फार चालतो. पैसे भरतो तालुक्याच्या दुकानदाराकडं, आणि माल येतो रबाळ्याच्या कारखान्यातून थेट आपल्या बांधावर. अशा वेळी कारखान्याच्या बिलावर 'बिल कुणाला' इथं दुकानदाराचं नाव असतं आणि 'माल कुठं' इथं आपला पत्ता. ते बरोबर आहे, एकच ई-वे बिल पुरतं. फक्त गाव, तालुका, पिनकोड नीट असावा. दुकानदाराकडून स्वतःच्या नावाचं वेगळं बिल घ्यायला विसरू नका, कारण अनुदानाला ते लागतं, कारखान्याचं नव्हे.

रस्त्यात गाडी थांबवली तर

पहिलं म्हणजे पळू नका आणि वादही घालू नका. अधिकारी कागद पाहतो, गाडीचा नंबर टाकून नोंद ताडतो. सगळं जुळलं तर काही मिनिटांत सोडतो. एकदा राज्यात मालाची प्रत्यक्ष तपासणी झाली, तर करचुकवेगिरीची खास खबर असल्याशिवाय पुन्हा दुसऱ्या ठिकाणी ती करायची नाही असा नियम आहे. तेव्हा तपासणी झाल्याचा कागद मागून घ्या. गाडी अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ अडकवून ठेवली, तर वाहतूकदाराला त्याची नोंद सरकारी संकेतस्थळावर करता येते.

लहानसहान चुकीसाठी माल जप्त करायचा नाही, अशा सूचना १४ सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकात दिलेल्या आहेत. जी.एस.टी. नंबर बरोबर आहे पण नावाच्या स्पेलिंगमध्ये चूक, पत्ता बरोबर पण पिनकोड चुकला आणि त्यानं मुदत वाढत नाही, बिलाच्या किंवा गाडीच्या नंबरात एक-दोन अंकांची गफलत, अशा चुकांना केंद्राचे ५०० आणि राज्याचे ५०० असे एकूण हजार रुपये दंड आहे. एम.एच. १४ च्या जागी १५ पडलं म्हणून कुणी मोठी रक्कम सांगत असेल, तर या परिपत्रकाचा उल्लेख जरूर करावा आणि जे भरायचं ते पावती घेऊनच भरावं.

कागदच नसतील तर मात्र प्रकरण गंभीर होतं. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीप्रमाणं, मालक पुढं आला तर कराच्या दुप्पट दंड. आपल्या उदाहरणात कर १६,२००, म्हणजे दंड ३२,४००. मालक पुढं आलाच नाही, तर मालाच्या किमतीच्या निम्मे किंवा कराच्या दुप्पट यांतली जी रक्कम मोठी ती. ९०,००० चे निम्मे ४५,०००. म्हणून 'आपलं नाव कशाला पुढं करायचं' म्हणून घरी बसणं महागात पडतं. मालासोबत बिल असेल तर बिलावरचा देणारा किंवा घेणारा हाच मालक मानला जातो, हेही एक कारण बिल जवळ बाळगायचं.

माल अडकवल्यावर अधिकाऱ्यानं सात दिवसांत नोटीस द्यायची असते आणि नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांत आदेश काढायचा असतो. नोटिशीला लेखी उत्तर द्या, तालुक्याच्या कर सल्लागाराकडून लिहून घेतलं तरी चालेल. आदेशाची प्रत मिळाल्यापासून पंधरा दिवसांत दंड भरला नाही, तर माल विकायला काढता येतो. गाडी भाड्याची असेल तर ती माल सुटेपर्यंत अडकून पडू नये म्हणून वाहतूकदाराला वेगळी सोय आहे: स्वतःवरचा दंड किंवा एक लाख रुपये, यांतली कमी रक्कम भरून तो आपलं वाहन सोडवू शकतो.

निघताना

कारखान्यातून निघण्यापूर्वी एखाद्या दिवशी सौदाच मोडला किंवा गाडी रद्द झाली, तर काढलेलं ई-वे बिल २४ तासांच्या आत रद्द करायला कारखान्याला सांगा. शेतकरी कंपनी नोंदणीकृत असेल, तर तिच्या नावानं कुणी न मागवलेल्या मालाचं बिल काढलंय का हे संगणकावर दिसतं, आणि ते ७२ तासांत नाकारता येतं. न नाकारल्यास मान्य आहे असं धरलं जातं. हिशेब पाहणाऱ्या पोराला आठवड्यातून दोनदा तेवढं बघायला लावा.

गाडीची कागदपत्रं, म्हणजे आर.सी., विमा, पी.यू.सी. आणि ड्रायव्हरचं लायसन्स, ही वेगळ्या पाकिटात ठेवा. मालाची वेगळ्या पाकिटात. वजनाचा माल असेल, पत्रा किंवा पाईप, तर वसाहतीतल्या काट्यावर वजन करून त्याची चिठ्ठी बिलाला टाचा. बिलावर दोन टन आणि काट्यावर अडीच टन निघालं, तर गाडी फाटकाच्या आत असतानाच बिल बदलून घ्या.